घरांच्या पायथ्याशी ग्रंथालय

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, ज्यांनी सामाईक नळावर आणि सामाईक संडासापुढे रांगा लावून आयुष्य काढले, त्यांना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळाले. ह्या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची आमची इच्छा नाही. घर आधी, बाकी सारे नंतर, हे आम्हांस मान्य आहे. तथापि मुंबईत ज्या ज्या ठिकाणी सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहणार आहेत, त्या त्या ठिकाणी नकाशांवर शिक्का उमटण्यापूर्वीच एक प्रश्न विचारून ठेवणे अगत्याचे आहे. त्या घरांतील मुले अभ्यासाला कोठे बसणार? त्या मुलांची आजी दुपारच्या वेळी चार वर्तमानपत्रे चाळण्यासाठी कोठे जाणार? पाच-सहा माणसांच्या झोपण्या-जेवण्याला ५०० चौरस फूट एक वेळ पुरतील. पण एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी आपापले बोलणे-चालणे सुखाने करावे, एवढी जागा त्यांत मिळत नाही.

प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी परळ भागातील एका चाळीतल्या खोलीत राहणारा एक विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असे. खोली एकच; तिच्यात संसाराचे सारे सामान आणि घरची सारी माणसे. वडील मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि सारे निजले म्हणजे पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासासाठी उठवीत. शाळा सुटल्यावर हा मुलगा घरी न जाता चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकाच्या नजरेस तो पडला, आणि पुढची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या खटपटीतही केळुसकर होते. ही आठवण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तिची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ह्या बुद्धिमान मुलाला वाचायला बसण्यासाठी साऱ्या शहरात बागेतल्या बाकाखेरीज जागा नव्हती. बागेत केळुसकर भेटले हा योगायोग होता. किती मुलांना कोणीच भेटले नसेल, त्याची नोंद कोण ठेवणार?

आम्ही वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. नववीच्या वर्गातला एक मुलगा रोज शाळेच्या वेळेआधी तासभर येऊन जिन्यात बसलेला दिसे. शिपाई त्याच्यावर खेकसे, म्हणून एकदा आम्ही चौकशी केली. मुलाचे वडील रात्रपाळीचे पहारेकरी. ते सकाळी येऊन झोपत. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून घरात दिवा लावायचा नाही, पुस्तकाचे पानही आवाज करून उलटायचे नाही, असा दंडक. "सर, घरी वाचलं तर बाबांना त्रास होतो," एवढेच तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. आम्ही शिपायास सांगून त्यास चित्रकलेची खोली उघडून देवविली, आणि आठ दिवसांत तेथे अकरा मुले बसू लागली. बाकीची दहा तोवर कोठे बसत होती, हे आम्हांस कधी कळले नाही.

आता जमिनीकडे वळू. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडवल्यावर सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट वस्त्या मोडून रस्ते काढणे आणि कामकरी लोकांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. त्या ट्रस्टच्या चाळी त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी. आय. टी. चाळी म्हणून ओळखल्या गेल्या, आणि १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यावर त्या चाळी व त्यांखालची जमीन महापालिकेकडे आली. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब पुढे अनेक वर्षे राहिले. दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. योगायोग असा की ज्या १८९८ साली हा ट्रस्ट जन्मास आला, त्याच साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचीही स्थापना झाली. एक संस्था घरे बांधीत गेली, दुसरी ग्रंथ जमवीत गेली, आणि ह्या दोघींनी एका छपराखाली यावे असे कोणाच्या मनात आले नाही.

मात्र वस्तीपर्यंत ग्रंथ पोचवण्याची कल्पना ह्या शहराला परकी नव्हती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा चालविल्या, त्याचबरोबर फिरती वाचनालयेही चालविली. तिकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची योजना आखून घेतली आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली. ज्या राजाने चाळीतल्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती दिली, त्यालाच खेड्यातल्या वाचकाची चिंता वाटावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की शंभरांवर वर्षे लोटली, मुंबईची महापालिका देशातील सर्वांत श्रीमंत म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि तरीही वस्तीवस्तीत शाखा असलेले, विनामूल्य, म्युनिसिपल ग्रंथालयांचे जाळे म्हणावे असे काही येथे विणले गेले नाही. जागा नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. जागेचा तुटवडा खरा आहे. पण ज्या जागेवर महापालिका स्वतःच घरे बांधविणार आहे, तेथे हे कारण टिकत नाही.

जागेच्या टंचाईत मुंबईशी ज्याची तुलना नेहमी होते त्या न्यूयॉर्क शहराने ह्याच अडचणीतून एक वाट काढली आहे, आणि ती वाट व तिच्यातले खड्डे दोन्ही पाहण्यासारखे आहेत. त्या शहरातील शाखा-ग्रंथालयांचा पाया १९०१ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीने घातला गेला. देणगी इमारतींसाठी होती. जमीन शहराने द्यावी आणि पुढचा चालू खर्चही शहराने सोसावा, अशी कार्नेगींची अट होती. (त्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर रखवालदाराचे बिऱ्हाड असे. रात्री भट्टीत कोळसा घालायला माणूस हवा, म्हणून ही सोय. त्या बिऱ्हाडांतील मुले ग्रंथालय बंद झाल्यावर कपाटांमधून मोकळी हिंडत. आम्हांस त्यांचा हेवा वाटतो.) ब्रुकलिनच्या सनसेट पार्क ह्या कष्टकऱ्यांच्या आणि परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत असेच एक कार्नेगी ग्रंथालय १९०५ मध्ये उघडले होते. पुढे ते पाडून सत्तरीच्या दशकात तेथे बैठी इमारत बांधली गेली, आणि तीही गर्दीला अपुरी पडू लागली. तेव्हा ग्रंथालयाने स्थानिक ना-नफा गृहनिर्माण संस्थेशी करार केला. बैठी इमारत पाडली. तिच्या जागी नवी बहुमजली इमारत उभारली. खालच्या भागात पूर्वीपेक्षा कितीतरी ऐसपैस, सुमारे वीस हजार चौरस फुटांचे ग्रंथालय, आणि वर ४९ घरे, सर्व माफक भाड्याची. हे ग्रंथालय २०२३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला इनवुड येथे ह्याच धर्तीवर ग्रंथालयावर १७४ परवडणारी घरे झाली. शिकागो शहराने तर २०१९ ह्या एकाच वर्षात अशी तीन ग्रंथालये उघडली. दोहोंवर वृद्धांसाठी प्रत्येकी ४४ घरे आणि तिसऱ्यावर इतर कुटुंबांसाठी ७३.

ह्या हिशेबातील मेख सोपी आहे. शहरात घर महाग होते ते प्रामुख्याने जमिनीच्या भावामुळे. जमीन शहराचीच असली म्हणजे तो भाव घराच्या किमतीत येत नाही. आणि ग्रंथालयास नवी इमारत हवी असता पाया, जिने, उद्वाहक यांचा खर्च दोघांत वाटला जातो.

परंतु न्यूयॉर्कचीच दुसरी उदाहरणे पाहिली तर कोणीही सावध व्हावे. मॅनहॅटनच्या मध्यवस्तीतील डॉनेल ग्रंथालय शहराचे भूषण होते. २००८ मध्ये ते बंद झाले. जागा हॉटेलवाल्यांस विकली गेली. तेथे गगनचुंबी हॉटेल व श्रीमंतांची घरे उभी राहिली, आणि आठ वर्षांनी जे नवे ग्रंथालय उघडले ते जुन्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे, तेही बव्हंशी तळघरात. ब्रुकलिन हाइट्सची शाखा ५ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. तेथे उत्तुंग मनोरा झाला, त्याच्या पायथ्याशी नवे ग्रंथालय झाले, विक्रीच्या पैशातून इतर शाखांची डागडुजीही झाली. मात्र परवडणारी घरे बांधण्याची अट विकासकाने पुरी केली ती दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन. कागदावर दोन्ही गोष्टी पदरात पडल्या. वस्तुतः जेथे जमीन सोन्याच्या भावाची, तेथे गरिबाला जिना मिळाला नाही. शहराने जमीन हातची सोडली की पुढच्या साऱ्या अटी दुसऱ्याच्या सोयीने पाळल्या जातात. सनसेट पार्क आणि ब्रुकलिन हाइट्स ही एकाच ग्रंथालय-संस्थेची दोन लेकरे. पहिल्यात भागीदार ना-नफा संस्था होता, दुसऱ्यात विकासक होता. फरक तेवढ्यातच आहे.

मुंबईत ह्या कामासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २०१८ साली मंजूर झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आरक्षित भूखंडावर मालकाने सार्वजनिक सोय बांधून महापालिकेच्या स्वाधीन करावी आणि उरलेले बांधकाम स्वतः करावे, अशी तरतूद आहे. जेथे मालक खासगी आहे तेथे जर हे होऊ शकते, तर मालक स्वतः महापालिका असलेल्या जमिनीवर का होऊ नये? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत तर बालवाडी व कल्याण केंद्र यांच्या पंगतीला ग्रंथालयाचेही नाव आले आहे. नाव आले आहे, आणि तेथेच आमच्या काळजीला सुरुवात होते. अशा नावांचे पुढे काय होते ते ह्या शहरातील कोणत्याही जाणत्या माणसाला विचारावे. तळमजल्याच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीशेजारी, एक खोली निघते. तिच्यावर पाटी लागते. उद्घाटनाला टेबल, चार खुर्च्या आणि भेटीदाखल आलेले चरित्रग्रंथ असतात. वर्षभराने तेथे गणपतीच्या मंडपाचे बांबू ठेवलेले दिसतात.

म्हणून ग्रंथालय ही उरल्या जागेत बसवायची वस्तू नव्हे, हे इमारतीचा आराखडा काढणाऱ्याला प्रथम दिवशी सांगितले पाहिजे. ह्याला अगदी रोकडे कारण आहे. ग्रंथ जड असतात. राहत्या खोलीची जमीन जेवढ्या भारासाठी बांधावी लागते, त्याच्या निदान तिप्पट भार ग्रंथांच्या कपाटांच्या दालनासाठी धरावा, असे आपल्या भारतीय मानकातच लिहिलेले आहे. सुरुवातीला साधी खोली म्हणून बांधलेल्या जागेत पुढे ग्रंथालय थाटता येत नाही. थाटलेच तर ते वर्तमानपत्रांपुरते. दुसरे, वरच्या घरांतील न्हाणीघरांचे नळ सरळ खाली उतरतात. ते पुस्तकांच्या डोक्यावरून जाणार नाहीत, अशी मांडणी आधीच करावी लागते. तिसरे, दार. ग्रंथालयाचे दार रस्त्यावर उघडले पाहिजे, सोसायटीच्या फाटकाच्या आत नव्हे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने "कोणाकडे जायचंय?" असे विचारले की शेजारच्या वस्तीतला मुलगा परत फिरतो. आणि चौथे सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. नव्या मनोऱ्यांत खालचे कित्येक मजले मोटारगाड्यांसाठी राखून ठेवले जातात, त्याबद्दल कोणी जागेची टंचाई सांगत नाही. त्यांतला एक मजला वाचकांना द्यावा.

आता खरी अडचण. इमारत एकदा बांधली जाते; ग्रंथालय रोज उघडावे लागते. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ग्रंथालये चालविणे हे बंधनकारक नव्हे, तर ऐच्छिक कर्तव्यांत मोडते, आणि ऐच्छिक कर्तव्यांची अंदाजपत्रकाच्या वेळी काय अवस्था होते ते सर्वांना ठाऊक आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेने हजारो ग्रंथालये जगविली, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. पण मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयाचा अधिभार बसवून जी कायमची मिळकत निर्माण केली, तशी मिळकत आपल्या कायद्याने निर्माण केली नाही. परिणामी आपली ग्रंथालये दर वर्षी अनुदानाची वाट पाहत बसतात आणि त्यांतील सेवकांचा पगार हा विषय लाजेने मान खाली घालावी असा राहिला आहे.

येथे आमची एक सूचना आहे. तळमजल्याची रस्त्यालगतची जागा सर्वांत मोलाची. ती ग्रंथालयाला दिली तर दुकानांचे उत्पन्न बुडेल, असा आक्षेप महापालिकेच्या मालमत्ता खात्याकडून येणारच, आणि तो पोकळ नाही. मग तळमजल्यावर दुकाने असू द्यावीत, ती विकून न टाकता भाड्याने द्यावीत, मालकी महापालिकेची राहावी, आणि पहिल्या मजल्यावर ग्रंथालय ठेवून त्याला रस्त्यावरून स्वतंत्र, रुंद जिना व वृद्धांसाठी उद्वाहक असावा. त्या दुकानांचे भाडे त्याच इमारतीतील ग्रंथालयाच्या नावाने वेगळ्या खात्यात जमा व्हावे. त्यातून ग्रंथपाल, दोन मदतनीस, वीज आणि नवी पुस्तके यांचा खर्च सगळा निघेलच असे आम्ही म्हणत नाही. जागेजागेचे भाडे निराळे. पण खाली वाण्याचे दुकान उघडे आहे तोवर वरच्या दिव्यांसाठी दर वर्षी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे तरी साधेल.

हल्ली वाचतो कोण, सारे तर हातातल्या फोनवर असते, असे म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस नेहमी भेटतात. त्यांतील बहुतेकांच्या घरी मुलांना स्वतंत्र खोली आहे. त्यांनी परीक्षेच्या मोसमात एखाद्या अभ्यासिकेत रात्री नऊ वाजता डोकावून यावे. तेथे मुले फोनवरच वाचत असतील, तरी ती तेथे बसली आहेत, कारण घरी बसता येत नाही. पुस्तकांच्या रूपाविषयीचा वाद नंतर घालता येईल. बसायची जागा आज हवी आहे.

अशा इमारतीत वर राहणारांना गोंगाटाचा त्रास होईल, ही भीती त्या मानाने किरकोळ. ज्या चाळींत भजनी मंडळ, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदले, तेथील लोकांना वाचकांच्या आवाजाने झोप लागणार नाही, असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

एक गोष्ट मात्र न्यूयॉर्कच्या अनुभवातून आजच शिकून ठेवावी. सनसेट पार्कची जुनी शाखा पाडल्यापासून नवी उघडेपर्यंत पाचएक वर्षे गेली. तेवढ्या काळात दहा वर्षांचे मूल पंधरा वर्षांचे होते. तेथील ग्रंथालयाने ह्या अवधीत एका जुन्या न्यायालयाच्या इमारतीत तात्पुरती शाखा चालविली, म्हणून वस्तीतील मुलांचा धागा तुटला नाही. मुंबईत चाळ पाडताना रहिवाशांस संक्रमण शिबिरात हलवितात, आणि ते शिबिर किती वर्षांचे असते ते रहिवासीच जाणतात. ह्या शिबिरांत वाचनाची खोली असावी, अशी अट आम्ही कोणत्याही निविदेत पाहिलेली नाही. महापालिकेच्या जमिनीवरील चाळींच्या पुनर्विकासाची पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्यात ही खोली पहिल्या दिवसापासून मागावी. मोठी नको; पन्नास मुले बसतील एवढी, पहाटे सहाला उघडणारी आणि रात्री अकराला बंद होणारी. तिच्या किल्लीची जबाबदारी कोणावर, तेही त्याच कागदात लिहिलेले असावे.